मृगया : विनोद कीं व्यसन?



कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेची सहल अजिंठ्यास गेली होती. दहाव्या लेण्यासमोर उभा राहून मीं मुलांना नेहमींची हकीकत सांगितली. मद्रासच्या फौजेंतील जॉन स्मिथ या नांवाचा एक इंग्रज अधिकारी १८१९ सालीं, एप्रिलच्या २८ तारखेस, वाघाच्या शिकारीसाठीं त्या डोंगरांत हिंडत होता. वाघूर नदीच्या दरींत, झाडोऱ्याआड, एक कोरीव कमान त्याच्या दृष्टीस पडली, आणि बाहेरच्या जगाच्या विस्मरणांत गेलेलीं तीं लेणीं पुन्हां प्रकाशांत आलीं. लेण्यांतील एका खांबावर त्यानें आपलें नांव आणि तारीख कोरून ठेविली. माझें सांगून झालें तेव्हां सातवींतला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, मग त्या वाघाचें काय झालें?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. शिकाऱ्याचें नांव खांबावर राहिलें, लेण्यांना क्रमांक पडले, आणि ज्याच्या पाठीमागें स्मिथ तेथें आला तो वाघ मात्र हकीकतींतून निघून गेला. मुलें पुढच्या लेण्याकडे धांवलीं. मी तो प्रश्न घरीं घेऊन आलों. निवृत्तीनंतर शिकारीच्या इतिहासाचीं जीं पुस्तकें हातीं लागलीं, तीं मीं या एका प्रश्नाच्या दृष्टीनें वाचलीं. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहें, पंडित नव्हे. तेव्हां आजचें माझें बोलणें हें त्या वाचनाचें टिपण समजून ऐकावें.

आरंभींच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पोटासाठीं केलेली पारध, पिकाच्या राखणीसाठीं केलेली पारध आणि मौजेसाठीं केलेली पारध, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोहोंमागें गरज उभी असते. तिसरीमागें काय उभें असतें, हा आजचा विषय.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना हा प्रश्न पडला नव्हता असें नाहीं. मनुस्मृतींत कामापासून उत्पन्न होणाऱ्या दहा व्यसनांची यादी आहे. तींत पहिलें नांव मृगयेचें आहे, आणि मद्य, द्यूत व स्त्रिया यांच्या पंक्तीला बसवून तिला अत्यंत घातक चौकडींत घातलें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर या विषयावर एक छोटासा वादच रंगला आहे. पिशुन या नांवाच्या आचार्याचें मत असें कीं, द्यूतापेक्षां मृगया वाईट. कारण तींत चोर, शत्रू, श्वापदें, वणवा, वाट चुकणें, भूक आणि तहान इतकीं संकटें राजावर येतात. कौटिल्य हें मानीत नाहीं. तो म्हणतो, जुगार अधिक वाईट. शिकारींत निदान व्यायाम घडतो, कफ, पित्त व मेद झडतात, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम बसतो, आणि रागावलेलें किंवा भ्यालेलें जनावर कसें वागतें तें कळतें.

वाद मोठा मार्मिक आहे. परंतु तो दोनदां वाचल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानीं आली. दोन्ही पक्ष बोलतात तें राजाच्या हिताविषयीं. राजा पडेल काय, राजाची चरबी झडेल काय! हरणाच्या बाजूनें त्या सभेंत कोणीच उभें राहत नाहीं. याच अर्थशास्त्रांत अन्यत्र अभयवनांतील पशु-पक्ष्यांना मारणारास सर्वांत मोठा दंड सांगितला आहे, हेंहि खरें. पण त्यामागें दया किती आणि राजाची मालकी किती, हें ठरविणें कठीण आहे.

कवि या बाबतींत शास्त्रकारांच्या पुढें गेलेले दिसतात. मृगरूपानें क्रीडा करणाऱ्या ऋषीला पंडूनें बाण मारला आणि आपल्या सर्व आयुष्याला शाप लावून घेतला. दशरथानें आवाजावरून बाण सोडला तो हत्तीला नव्हे, आंधळ्या मायबापांच्या मुलाला लागला. कालिदासाच्या शाकुंतलांत तर पहिल्याच अंकांत तपस्वी दुष्यंताचा बाण अडवितो. दुसऱ्या अंकांत सेनापति शिकारीचे गुण गातो आणि विदूषक त्या पायपिटीनें जेरीस येतो. दोन्ही बाजू रंगभूमीवर आणून कवि मोकळा झाला.

प्रत्यक्ष सिंहासनावरून हा प्रश्न उलटा करून विचारणारा पहिला ज्ञात राजा अशोक होय. त्याच्या आठव्या शिलालेखांत असें सांगितलें आहे कीं, पूर्वींचे राजे विहारयात्रेस निघत, तींत मृगया आणि तसल्याच करमणुकी असत. राज्याभिषेकास दहा वर्षें झाल्यावर आपण संबोधीस गेलों आणि तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाल्या. या लेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्यास, वसईजवळ, १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सांपडला. तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. कित्येक मुंबईकर त्यावरून नजर न टाकतां पुढें जातात. मीहि एकदां तसाच गेलों होतों. अशोकाच्या पहिल्या लेखांतील एक कबुली तर मला फार आवडते. पाकशाळेंत पूर्वीं हजारों जीव मारले जात. आतां दोन मोर आणि एक हरिण, आणि तें हरिणहि नेहमीं नाहीं. आपण एकदम निर्मळ झालों असा आव त्यानें आणला नाहीं, म्हणूनच त्याच्या शब्दावर विश्वास बसतो.

अशोकाचा धडा टिकला मात्र नाहीं. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य राजानें, तिसऱ्या सोमेश्वरानें, मानसोल्लास रचला, त्यांत मृगया पुनः राजाच्या 'विनोदां'त येऊन बसली. मनूच्या यादींतील व्यसन येथें विनोद झालें. आणि पुढचीं आठशें वर्षें राजेलोकांनीं तिला याच नांवानें ओळखलें.

मोगल बादशहा जहांगीर याच्यापाशीं थोडें थांबूं. शिकारीचा इतका चोख हिशेब ठेवणारा दुसरा राजा माझ्या वाचनांत नाहीं. आपल्या आत्मचरित्रांत तो लिहितो कीं, वयाच्या बाराव्या वर्षापासून राज्यारोहणाच्या अकराव्या वर्षाअखेरपर्यंत आपल्या समक्ष २८,५३२ जनावरें मारलीं गेलीं. पैकीं १७,१६७ आपण स्वहस्तें मारलीं, त्यांत चतुष्पाद ३,२०३ आणि पक्षी १३,९६४. वाण्याच्या खतावणींतसुद्धां बेरीज इतकी बिनचूक नसेल. आणि हाच मनुष्य पशुपक्ष्यांचा खरा प्रेमी होता! सारसाच्या जोडीनें अंडीं कशीं उबविलीं, हें त्यानें दिवसांमागून दिवस पाहून लिहून ठेविलें. त्याचें एक पाळीव काळवीट मेलें तेव्हां त्यानें त्याचें स्मारक उभारलें आणि त्या परिसरांत हरिण मारण्यास मनाई केली. तो हिरण मिनार पाकिस्तानांत शेखूपुऱ्यास आजहि उभा आहे. पन्नाशीस पोंचल्यावर बंदूक सोडण्याचा संकल्पहि त्यानें केला होता. तो अखेरपर्यंत निभला नाहीं. प्रेम आणि हत्या एकाच मनांत इतक्या शेजारीं राहूं शकतात, हें या एका माणसाकडे पाहून जेवढें समजतें तेवढें नीतीच्या दहा ग्रंथांनीं समजणार नाहीं.

पण त्याच पुस्तकांत आणखी एक नोंद आहे. बादशहा नीलगाईवर नेम धरून बसला असतां एक सेवक आणि दोन भोई एकाएकीं समोर आले आणि नीलगाय पळाली. बादशहानें त्या सेवकास जागच्याजागीं ठार मारविलें, आणि भोयांच्या पायांच्या शिरा तोडून त्यांची गाढवावरून धिंड काढविली. हें त्यानें स्वतःच, कांहींएक न लपवितां, लिहिलें आहे. मौजेच्या शिकारींत मरतें तें जनावरच, अशी माझी समजूत होती. ती या पानावर संपली.

इंग्रजी अमदानींत बंदुका सुधारल्या आणि आंकडे सुजले. १९११ च्या डिसेंबरांत दिल्ली दरबार आटोपल्यावर बादशहा पांचवे जॉर्ज नेपाळच्या तराईंत गेले. शेंकडों हत्तींचें कडें करून रान वेढण्यांत आलें, आणि दहा-अकरा दिवसांत त्या मंडळीनें ३९ वाघ, १८ गेंडे आणि ४ अस्वलें मारलीं. १९३८ सालीं १२ नोव्हेंबरला भरतपुरास व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठीं झालेल्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. असले आंकडे कोरलेल्या शिळा तेथें अद्याप उभ्या आहेत; तें सरोवर हल्लीं राष्ट्रीय उद्यान असून प्रवासी त्या शिळांपुढें उभे राहून छायाचित्रें घेतात. वाघ-बिबट्यांना तर सरकारी बक्षिसेंच लावलीं होतीं. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणें १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत ऐंशीं हजारांहून अधिक वाघ मारले गेले.

यावर शिकारीचे कैवारी नेहमीं एक शब्द पुढें करतात : मर्दुमकी. भाल्यानें रानडुक्कर अंगावर घेणाऱ्यास हा शब्द मी नाकारीत नाहीं. परंतु हत्तीच्या हौद्यांत किंवा उंच मचाणावर बसून, शेंकडों माणसांनीं हांकून आणलेल्या वाघावर बार टाकण्यांत मर्दुमकी कोणाची? तो वाघ आणि ती बंदूक यांच्यामध्यें, हातांत काठी किंवा पत्र्याचा डबा घेऊन, जो चालत असे त्याची. त्याचें नांव कोणत्याहि पट्टींत सांपडत नाहीं.

आणि कायद्याचा न्याय पाहा. ज्या काळांत साहेब व संस्थानिक यांची शिकार हा 'खेळ' होता, त्याच काळांत फांसे लावून तितर-लावे धरणारा, हरिण पकडून त्यावर पोट भरणारा पारधी हा गुन्हेगार ठरला. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि पुढें त्याच्या जाळ्यांत आपल्याकडील फांसेपारधीहि आले. एकाच रानांत, एकाच हरणामागें दोन माणसें. एकाचा फोटो निघे, दुसऱ्याची हजेरी निघे. १९५२ सालीं कागदावरून तो शिक्का पुसला गेला; लोकांच्या मनांतून तो पुरता गेला आहे असें आमच्या बाजूचा कोणताहि शिक्षक सांगणार नाहीं. पारध्याचें पोर पटावर घ्यावयास गेलें कीं गांवकऱ्यांचे चेहरे कसे होतात, तें आम्हीं पाहिलें आहे.

चित्त्याची कथा आपल्या महाराष्ट्राशीं निगडित आहे. कोल्हापुरास छत्रपति शाहू महाराजांच्या वेळेपासून चित्त्यांकडून काळवीट धरण्याची पारध प्रसिद्ध होती. शिकवलेल्या चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला बैलगाडीवरून माळावर नेत. कळप टप्प्यांत आला म्हणजे टोपी काढून त्याला सोडीत. या चित्त्यांना सांभाळणाऱ्या चित्तेवानांचें कसब अलौकिक होतें, यांत शंका नाहीं. परंतु त्या कसबाला एक मर्यादा होती. कोंडलेला चित्ता सहजासहजीं प्रजा वाढवीत नाहीं. अकबरानें एके काळीं हजार चित्ते बाळगले होते आणि त्यांची जोडी लागावी म्हणून खटपटहि केली होती, पण ती फळली नाहीं, असें त्याच्याच मुलानें, जहांगिरानें, लिहिलें आहे. म्हणून आपल्या कारकीर्दींत एका चित्तिणीस पिलें झालीं याचें त्याला नवल वाटलें. याचा अर्थ असा कीं, शिकारखान्यांतील प्रत्येक चित्ता रानांतून धरून आणलेला असे. तीनशें-साडेतीनशें वर्षें ही उचल चालली. जोडीला माळरानें नांगराखालीं गेलीं आणि काळविटें कमी झालीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोल्हापूर आणि भावनगर या दरबारांना आफ्रिकेंतून चित्ते आणवावे लागले. खेळासाठीं खेळगड्यालाच संपवून टाकण्याचें याहून धडधडीत उदाहरण मला ठाऊक नाहीं.

शेवट १९४७ सालीं झाला. हल्लींच्या छत्तीसगडांतील कोरिया संस्थानच्या महाराजांनीं एका रात्रीं मोटारीच्या दिव्यांच्या झोतांत तीन चित्ते मारले. हिंदुस्थानांत मारल्याची नोंद असलेले हे शेवटचे चित्ते. ही बातमी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे धाडण्यांत आली, तेव्हां संपादकांनीं ती छापली खरी, पण खालीं जी टीप जोडली तींत त्यांना आलेली शिसारी लपलेली नाहीं. १९५२ सालीं चित्ता नामशेष झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. पुढें २०२२ च्या सप्टेंबरांत नामिबियाहून आठ चित्ते विमानानें आणून मध्य प्रदेशांत कुनोच्या रानांत सोडले, तें आपणां सर्वांस स्मरत असेल. पाऊणशें वर्षांपूर्वीं कांहीं काडतुसांनीं जें झालें, तें निस्तरण्याला विमानें लागलीं.

ज्या सोसायटीनें ती टीप लिहिली, तिची स्थापना १८८३ सालीं मुंबईंत झाली, आणि तिच्या आरंभींच्या मंडळींत शिकारी पुष्कळ होते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतों. सालिम अली यांनीं लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ते १९०८ सालीं ती घेऊन याच सोसायटींत चौकशीस गेले, आणि तेथून त्यांचें पक्षिशास्त्र सुरू झालें. नरभक्षकांना मारणारे जिम कॉर्बेट पुढें बंदुकीऐवजीं कॅमेरा घेऊन रानांत जाऊं लागले. शिकाऱ्यांनींच रानाचें ज्ञान जमविलें आणि पुढें त्यांतल्याच कांहींनीं तें वाचविलें, हें म्हणणें म्हणूनच मला टाकून देतां येत नाहीं. परंतु त्या ज्ञानासाठीं ४,२७३ पक्ष्यांची जरूर नव्हती. एका चिमणीनें काम भागलें.

स्वराज्यांत हा प्रश्न कायद्यानें सुटला असें वरवर पाहतां वाटतें. १९७० सालीं वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्या वर्षींच्या मोजणींत वाघ अवघे १,८२७ भरले. दुसऱ्या वर्षीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्याच्या पहिल्या नऊ रानांत आपलें मेळघाट होतें. २०२२ च्या मोजणींत देशांतील वाघांची संख्या सुमारें ३,६८२ निघाली. हें यश थोडें नव्हे.

परदेशांत मात्र वाद जिवंत आहे. २०१५ सालीं झिंबाब्वेंत सेसिल नांवाचा सिंह एका हौशी अमेरिकन शिकाऱ्यानें मारला, तेव्हां जगभर संताप उसळला. उलट बोट्स्वाना देशानें २०१४ सालीं घातलेली शिकारबंदी २०१९ सालीं उठविली. हत्तींच्या उपद्रवानें खेडूत गांजले आहेत, असें त्यांचें म्हणणें. पाकिस्तानच्या उत्तरेकडील डोंगरांत मारखोर या रानबोकडाचीं मोजकीं परवानापत्रें परदेशी शिकाऱ्यांना भारी किंमतीस विकतात, आणि त्या पैशापैकीं शेंकडा ऐंशीं भाग आसपासच्या गांवांना मिळतो; त्यामुळें गांवकरीच मारखोराचे राखणदार झाले. या युक्तिवादाला माझ्यापाशीं तयार उत्तर नाहीं. मारखोर वाचला याचा मला आनंद आहे. तथापि पैसे मोजणारा मनुष्य तो डोंगर राखण्यासाठीं मोजीत नाहीं, भिंतीवरच्या शिंगांसाठीं मोजतो. आणि ज्या दिवशीं शिंगांची फॅशन जाईल त्या दिवशीं त्या गांवांनीं काय करावें, हें मला कोणी सांगितलेलें नाहीं.

आणि आपण शहरवासीयांनीं फार शुचिर्भूत होण्याचेंहि कारण नाहीं. २०१८ च्या नोव्हेंबरांत यवतमाळकडे पांढरकवड्याच्या रानांत एक वाघीण गोळी घालून मारली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. शहरांत शोकसभा झाल्या, तिकडच्या गांवांत फटाके वाजले. ती शिकार मौजेची नव्हती, म्हणून आजच्या विषयांत ती पुरती बसत नाहीं. पण वाघ असावा ही इच्छा आपली आणि वाघाशेजारीं राहण्याचें काम दुसऱ्याचें, ही वांटणी जुन्या हाक्यासारखीच आहे. बंदूक तेवढी मधून गेली.

हाक्याचा विषय निघाला म्हणून सांगतों. चाळीसएक वर्षांपूर्वीं सह्याद्रीच्या कुशींतील एका खेड्यांत माझी पहिली नेमणूक झाली. शाळेच्या ओसरीवर एक सत्तरीचा म्हातारा येऊन बसत असे. पूर्वीं तो मुलूख एका संस्थानांत होता, आणि पोरवयांत वेठीला धरून त्याला हाक्यावर नेत. त्याच्या खांद्यावर अस्वलाच्या पंजाचा वळ होता. त्याबद्दल त्याला आठ आणे आणि एक जेवण मिळालें होतें. तो म्हणे, "महाराजांचा अस्वलासंगं फोटू निघाला, गुरुजी. मी तवा झोळीत व्हतो."

एकदां हांका चालू असतां वाघ रांगेकडेच उलटला आणि त्याच्यापासून दहा हातांवर कारवींत येऊन उभा राहिला. ओरडावें, डबा वाजवावा, वाघाला पुढें मचाणाकडे ढकलावें, हा हुकूम होता. हा गप्प राहिला. वाघ त्याच्या आणि शेजाऱ्याच्या मधून मागच्या ओढ्यांत उतरला. संध्याकाळीं मुकादमानें त्याला चाबकानें फोडून काढलें.

मीं विचारलें, "बाबा, दया आली म्हणून गप्प राहिलांत कीं भीति वाटली म्हणून?"

त्यानें बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "त्ये आजून बी ठावं न्हाई." मग बिडी पेटवून, जणु मीं ऐकलें नसावें अशा रीतीनें, त्यानें दोनदां सांगितलें कीं, त्या दिवशीं महाराजांना वाघ मिळाला नाहीं.